डिझाइनच्या वर्गात कोण कोणाला समजून घेतं?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिझाइन थिंकिंग, म्हणजे माणसं समजून घेऊन त्यांच्या प्रश्नांवर तोड काढायची पद्धत. तिच्या ऑनलाइन वर्गात मी पाच-पाच जणांचे गट पाडले आणि त्यांना ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मीटिंगमधल्याच वेगळ्या खोल्यांत, पाठवलं. विषय होता, पुण्यातल्या कचरावेचक महिलांचं काम सुकर कसं करता येईल. एका गटात पुण्यातली दोन मुलं, कोचीचा एक, मिझोराममधल्या आयझॉलची एक आणि पुण्यातल्याच एका वस्तीत राहणारी एक मुलगी. मी त्या खोलीत डोकावले तेव्हा इंग्रजीत चर्चा रंगली होती. पडद्यावरच्या फळ्यावर पिवळ्या चिठ्ठ्या भराभर चिकटत होत्या. गटाने एक काल्पनिक बाई उभी केली होती : वय ४५, निरक्षर, पाठदुखी, आत्मविश्वास कमी, हातमोजे परवडत नाहीत. उपायही ठरत आला होता, स्वस्त आणि टिकाऊ हातमोजे. वस्तीतल्या मुलीचा कॅमेरा बंद, माइक बंद. मी विचारलं, "तुला काही सुचतंय का गं?" चॅटमध्ये उत्तर आलं, "नो मॅम, ऑल गुड." मी पुढच्या खोलीत गेले.

रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा व्हॉइस मेसेज आला. चार मिनिटांचा, मराठीत.

"मॅडम, ते हातमोजे म्हणतायत ना, ते माझ्या आईकडे तीन जोड पडलेत. घालत नाही ती. घातले की बोटांना काही कळत नाही म्हणते. प्लास्टिक कुठलं आहे ते ती चुरगाळून ओळखते, आवाजावरनं. कडक वाजलं की वेगळ्या पोत्यात, मऊ वाजलं की वेगळ्या. दोघांचा भाव वेगळा असतो. आणि निरक्षर नाही ती, सातवी शिकलीय." मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग : "मी तिथं बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं माझी आई काय करते."

हे सगळं लिहायला तिची आणि तिच्या आईची परवानगी आहे. त्या चार मिनिटांत जेवढं डिझाइन होतं तेवढं त्या संध्याकाळच्या सगळ्या चिठ्ठ्यांत मिळून नव्हतं. आणि 'आत्मविश्वास कमी' या चिठ्ठीचं काय करायचं? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायचं काम हाती घेतलं. या बायकांनी मोर्चे काढलेत, ओळखपत्रं मिळवलीत, आपल्या कामाचं मोल पटवून दिलंय. ज्यांच्याबद्दल आपण 'समानुभूती' बाळगत होतो त्यांची एवढीही माहिती आम्ही कोणी काढली नव्हती. मी शिक्षक होते, त्यामुळे ही चूक पहिल्यांदा माझी.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं होत गेलंय. वेगवेगळ्या घरांतून, प्रांतांतून, देशांतून आलेल्या मुलांना डिझाइन थिंकिंग ऑनलाइन शिकवताना खरी अडचण इंटरनेटची नाही, ॲपचीही नाही. ही पद्धत बिनरंगाची, बिनवासाची आहे असं धरून आपण ती शिकवतो, अडचण तिथे आहे. तिच्यात बोलायची, वागायची, स्वतःला पुढे करायची एक ठरावीक सवय मुरलेली आहे. ज्याच्या घरात ती सवय आधीच आहे तो हुशार ठरतो, ज्याच्या घरात नाही तो 'शांत स्वभावाचा' ठरतो.

पद्धत साधी आहे. स्टॅनफर्डच्या डिझाइन स्कूलने रुजवलेले तिचे पाच टप्पे आज सगळीकडे फळ्यावर दिसतात : माणसं समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, कच्चा नमुना करा, तो वापरून पाहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शेजारीच डिझाइन थिंकिंगचं नाव आहे, म्हणजे आता हा विषय शाळेच्या उंबऱ्यावर आला. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत तर तो कधीच शिरलाय. म्हणून हा प्रश्न माझ्या वर्गापुरता राहिलेला नाही.

तिसऱ्या टप्प्याचं उदाहरण घेऊ. कल्पना काढायच्या म्हणजे सगळ्यांनी मोठ्याने बोलायचं, जितक्या जास्त तितकं चांगलं, कोणाला नावं ठेवायची नाहीत, वेडगळ वाटलं तरी म्हणून टाकायचं. हे नियम ॲलेक्स ऑस्बर्न यांनी लोकप्रिय केले. ते न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीतले भागीदार, त्यांचं पुस्तक १९५३ चं. जाहिरातवाल्यांच्या बैठकीसाठी ते नियम छानच असणार. पण ज्या मुलाला लहानपणापासून 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे ऐकवलंय, किंवा जिला चुकीचं इंग्रजी बोलल्यावर अख्खा वर्ग हसलेला आठवतो, तिच्यासाठी 'काहीही बोला, काही चूक नाही' हे वाक्य खरं नसतं. तिला ठाऊक असतं की चूक असते आणि तिची किंमतही असते.

मोठ्याने न बोलता कल्पना काढाव्यात, हे मी तडजोड म्हणून म्हणत नाही. एकत्र बसून मोठ्याने बोलण्यापेक्षा सुटं सुटं विचार करणाऱ्या तेवढ्याच माणसांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त निघतात, हे येल विद्यापीठातल्या प्रयोगात १९५८ मध्येच दिसलं होतं. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं मोठं कारण दाखवलं : एक जण बोलतो तेव्हा बाकीचे थांबून राहतात आणि थांबता थांबता त्यांचं सुचलेलं विरून जातं. ऑनलाइन वर्गात तर हे दुपटीने होतं, कारण तिथे एका वेळी एकच आवाज नीट येतो. दोघं एकदम बोलले की दोघंही तुटतात, मग 'सॉरी, तू बोल', 'नाही नाही, तू बोल', आणि शेवटी बोलतो तो नेहमीचाच. बेर्न्ट रोरबाख नावाच्या जर्मन माणसाने १९६८ मध्ये साधी तोड सांगितली होती. सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना कागदावर लिहायच्या, कागद शेजारच्याला द्यायचा, त्याने त्यावर आपल्या तीन चढवायच्या. माझ्या वर्गात आता हीच पद्धत चालते. लिहायचं, तेही आपल्याला येतं त्या भाषेत. पहिली वीस मिनिटं कोणी बोलत नाही. सुरुवातीला मलाच ती शांतता सोसत नसे.

इथे एक सावधगिरी. 'संस्कृती' हा शब्द शिक्षकांना फार सोयीचा पडतो. अमुक देशाची मुलं लाजाळू, तमुक देशाची आज्ञाधारक, असे तक्ते प्रशिक्षणात सर्रास वाटले जातात. त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा खीर्त हॉफस्टेडे या डच संशोधकाचं काम असतं. एका मोठ्या संगणक कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांच्या १९७० च्या आसपासच्या पाहणीवरून त्यांनी प्रत्येक देशाला अधिकाराच्या अंतराचे, म्हणजे तिथे वरचा-खालचा हा भेद किती मुकाट मानला जातो त्याचे, आकडे दिले. भारताला एक आकडा. त्या एका आकड्यात माझ्या गटातल्या पुण्याच्या दोन मुली कशा मावाव्यात? एक कोथरूडच्या फ्लॅटमध्ये स्वतःच्या खोलीत बसलेली, दुसरी तीन-चार किलोमीटरवरच्या वस्तीत, पत्र्याखाली, मागे भावाचा टीव्ही चालू. कोथरूडची मुलगी आणि कोचीचा मुलगा एकमेकांना पहिल्या पाच मिनिटांत समजले, कारण दोघांच्या शाळा सारख्या होत्या. आपल्याकडे अंतर देशादेशांत असतं त्याहून जास्त गल्लीगल्लीत असतं. जात, वर्ग आणि माध्यम यांचा उच्चार न करता 'सांस्कृतिक वैविध्य' शिकवणं म्हणजे दुखऱ्या जागेला सोडून बाकी सगळीकडे मलम लावणं.

म्हणूनच पहिल्या टप्प्याबद्दल, समजून घेण्याबद्दल, मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. तासभर मुलाखत घ्या, चार रकान्यांचा तक्ता भरा, की दुसऱ्याचं दुःख कळलं, असा या टप्प्याचा भरवसा आहे. आपली भाषा इतकी भोळी नाही. 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' असं ती म्हणते. हा निराशेचा सूर नाही, ही मर्यादेची जाणीव आहे : तुला पूर्ण कळणार नाही, हे आधी मान, मग विचारायला जा. मी आता पहिल्याच तासाला मुलांना विचारते की या टप्प्याला तुमच्या भाषेत काय म्हणाल. मराठी मुलं आधी 'सहानुभूती' म्हणतात, मग कोणीतरी कोशातलं 'समानुभूती' आणतं, मग खरे शब्द येतात : कणव, कळवळा, माया, आस्था, आपलेपणा. कणव वरून खाली येते. आस्था एका पातळीवर उभी राहून चौकशी करते. हा फरक मुलांना लगेच कळतो, आणि तो कळला की मुलाखतीचे प्रश्नही बदलतात. 'तुम्हाला काय त्रास होतो?' जाऊन 'हे तुम्ही कसं करता, मला दाखवाल का?' येतं. मिझोरामच्या मुलीने 'त्लॉमङाइना' हा शब्द सांगितला. त्यांच्याकडची ती जगण्याची रीत आहे, स्वतःचा विचार बाजूला ठेवून, कोणी न सांगता दुसऱ्याच्या मदतीला जाणं. तिचं म्हणणं असं की तिच्या गावात आधी जाऊन हात लावतात, मग विचारतात. गटात त्यावर अर्धा तास वाद झाला. त्या दिवशी मी पुढचा धडा घेतला नाही.

एक प्रयोग मात्र सगळ्या बॅचना पुरून उरलाय. घरातलं पाणी साठवायचं भांडं कॅमेऱ्यासमोर आणा, कॅमेरा नको असेल तर फोटो पाठवा, आणि त्याचा दिवस सांगा. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारसाठी जो अहवाल लिहिला आणि ज्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं फार मनापासून कौतुक केलं होतं. तो कोण्या एकाने घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी घडवला, असं त्यांनी म्हटलं. धागा तिथला, पण आमच्या वर्गात तो भलतीकडेच गेला. मुंबईच्या चाळीतून निळं पिंप आलं, मोरीच्या वर अर्ध्या माळ्यावर ठेवलेलं. केरळातून तोटीची किंडी आली. आयझॉलच्या मुलीने छताच्या पन्हाळीखालची पावसाच्या पाण्याची टाकी दाखवली. युगांडातल्या कंपालाच्या मुलाने वीस लिटरचा पिवळा कॅन दाखवला, मुळात खाद्यतेलाचा, आता घरोघरी पाण्याचा. आणि बीड जिल्ह्यातल्या मुलीने काहीच दाखवलं नाही, फक्त सांगितलं : टँकर आठवड्यातून दोनदा. पहिलं पाणी कापड बांधून हंड्यात, प्यायला. दुसरं टिपाडात, भांड्यांना. भांड्यांचं पाणी अंगणातल्या बादलीत, म्हशीला नाही, कारण त्यात राख असते, ते पेरूला. पेरूला राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी चालतं, म्हणून आजी अजून राखच वापरते. कंपालाच्या मुलाने तिला थांबवून चार प्रश्न विचारले. मी दुभाष्याचं काम केलं. आधीच्या तीन तासांत तोंड न उघडलेली मुलगी त्या दिवशी वर्गाची शिक्षिका होती.

हे वर्गखोलीत झालं नसतं. तिथे ती मुलगी पुण्याला आली असती, चांगला ड्रेस घालून शेवटच्या बाकावर बसली असती, आणि टिपाड बीडलाच राहिलं असतं. ऑनलाइन शिक्षणाची आपण नुसती उणीव सांगतो, की मुलं समोर नसतात. पण डिझाइनपुरतं पाहिलं तर मुलं जिथे असायला हवीत तिथेच असतात, प्रश्नाच्या घरात. आपण मात्र त्यांना मागे धूसर पडदा लावायला सांगतो, 'शांत जागी बसा' म्हणतो, कोंबड्याचा आवाज आला की म्यूट करतो. म्हणजे जे शिकायचं तेच आधी पुसून घेतो.

साधनांचं थोडक्यात सांगते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागातल्या १०० पैकी जेमतेम ४ घरांत संगणक होता, शहरी भागात २३ घरांत. त्यानंतर स्मार्टफोन आणि स्वस्त डेटा गावोगाव पोचला, पण फोन म्हणजे संगणक नव्हे. हातभर रुंद आभासी फळा सहा इंचांच्या पडद्यावर उघडला की चिमटीने मोठा करायचा, सरकवायचा, आणि तोवर दुसऱ्याची चिठ्ठी आपल्या चिठ्ठीवर येऊन बसते. मी तो फळाच सोडला. व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडे आहे : फोटो, व्हॉइस मेसेज, कागदावर काढलेल्या चित्राचा फोटो. रेंज रात्री अकराला येते तर मेसेज अकराला येतो. सगळ्यांनी एकाच वेळी हजर राहायचा तास आठवड्यातून एकच.

यावर सहकाऱ्यांचे आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला : नोकरी देणाऱ्याला इंग्रजी सादरीकरणच हवं, मग तुम्ही मुलांना मागे ठेवताय. दुसरा : आपापल्या भाषेत काम केलं तर भाषेभाषेचे कंपू पडतील, गट कसला? पहिल्याचं उत्तर असं की मी इंग्रजी काढलेलं नाही, शेवटी नेलंय. निरीक्षण आणि कल्पना आपल्या भाषेत, आणि हाती काही ठोस आल्यावर ते इंग्रजीत मांडायचा सराव, तोही भरपूर. सांगण्यासारखं काही असलं की मोडकं इंग्रजीही ऐकलं जातं. नसलं तर अस्खलित इंग्रजीतून हातमोजेच निघतात. दुसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण तो अंशतः खरा आहे. पहिल्या आठवड्यात कंपू पडतातच. उपाय एकच सापडला : गटातल्या प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचं तरी निरीक्षण आपल्या भाषेत उतरवून गटाला समजावायचं, आणि ज्याचं आहे त्याने 'असं नाही, असं' म्हणून ते दुरुस्त करायचं. ही दुरुस्ती वेळखाऊ आहे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमातले तीन आठवडे त्यातच जातात. पण माझ्या मते समजून घेण्याचा टप्पा तोच, बाकी तयारी.

पद्धत टाकाऊ आहे असं मला म्हणायचं नाही. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना बाळांसाठी स्वस्त इनक्युबेटर बनवायचं काम मिळालं होतं. ते नेपाळला गेले तेव्हा कळलं की अपुऱ्या दिवसांची बाळं दवाखान्यापासून लांब, खेड्यांतल्या घरांत दगावताहेत. मग त्यांनी इनक्युबेटर सोडून ऊब धरून ठेवणारी झोळीसारखी पिशवी बनवली, 'एम्ब्रेस' नावाची. ते उठून गेले, आणि प्रश्नच बदलला. हे पद्धतीचं बळ. पण त्याहून मला जवळचा वाटतो तो जयपूर फूट. १९६८ च्या सुमारास, परदेशी घडणीचा कृत्रिम पाय लावलेली माणसं तो काढून ठेवून पुन्हा कुबड्या घेत होती, कारण त्या पायाला बूट लागायचा, आणि तो लावून उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, चिखलात शिरता येत नव्हतं. ज्याने हा पाय हातांनी नव्याने घडवला ते रामचंद्र शर्मा मूर्ती-हस्तकलेतले कारागीर होते, आणि त्यांच्या सोबतीला होते अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी. उकिडवं बसणं काय असतं हे शर्मांना कोणाची मुलाखत घेऊन कळायची गरज नव्हती. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला, आणि तो त्यांचा हक्काचाच होता. पण आपल्या डिझाइनच्या वर्गात आजही मुलं सेठी व्हायला शिकतात. शर्मांची मुलगी वर्गात बसलेली असेल तर तिला आपण 'युजर' या रकान्यात टाकतो.

म्हणून शाळा-महाविद्यालयांत हा विषय आणणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. शिक्षकांना पाच टप्प्यांचं चित्र पाठ करायला लावण्याआधी त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या घरी पाठवा, निदान फोनवरून. प्रश्न कोणता घ्यायचा हे शिक्षकाने ठरवू नये. निम्मे गुण निरीक्षणाला द्या, चकचकीत सादरीकरणाला नकोत. पहिली पिढी शिकणाऱ्या मुलांना 'अपयश साजरं करा' असं सांगण्याआधी त्यांचे गुण त्या अपयशाने कापले जाणार नाहीत याची लेखी हमी द्या. आणि ज्यांचा वेळ घेता त्यांना त्या वेळेचे पैसे द्या. रोजंदारीवरच्या बाईचा एक तास म्हणजे तिच्या दिवसाचा तुकडा असतो. तो फुकट मागून आपण कसली आस्था शिकवतो?

गेल्या वर्षीच्या बॅचला मी त्या मुलीच्या आईंना बोलावलं. पाहुण्या व्याख्यात्याला जेवढं मानधन देतो तेवढंच त्यांना दिलं. मुलगी आता मला मदतनीस म्हणून काम करते, तिनेच फोन धरला होता, या वेळी कॅमेरा चालू ठेवून. काकूंनी एका हातात दुधाची पिशवी घेतली, एका हातात बिस्किटाच्या पुड्याचा कागद, दोन्ही पाठीमागे नेले आणि म्हणाल्या, "ऐका." त्यांनी काहीतरी चुरगाळलं, पण आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. मीटिंगचं सॉफ्टवेअर तो आवाज खडखडाट समजून गाळून टाकत होतं. मुलीच्या ते लक्षात आलं. तिने सेटिंगमध्ये जाऊन आवाज गाळणं बंद केलं, तशी मागची रिक्षा, कुकरची शिटी, कोणाचं तरी भांडण, सगळं एकदम वर्गात आलं. काकूंनी पुन्हा चुरगाळलं. बत्तीस मुलांपैकी कोणालाही ओळखता आलं नाही.

"एकाला भाव आहे, एकाला कोणी विचारत नाही," काकू म्हणाल्या. "आता डोळे मिटून ऐका."